लाल ठिपके मोजून वणवे मोजता येतात का?



फेब्रुवारी सरता सरता यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातून उत्तरेकडे पाहिलं की रात्री सातपुड्याच्या उतारावर आगीच्या रेघा दिसायला लागतात. साग, सालई, अंजन, धावडा यांची पानं गळून गेलेली असतात, खाली पाचोळ्याचा थर आणि खडखडीत वाळलेलं गवत असतं. त्याच सुमारास बातम्यांमध्येही एक वाक्य ठरलेलं असतं: ‘उपग्रहाने टिपल्या इतक्या आगी’. मग गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, कुठला जिल्हा पुढे, कुठला मागे, अशी तुलना सुरू होते.

उपग्रहाच्या माहितीवरून वणव्यांचा अभ्यास हा माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे हे आकडे माझ्या रोजच्या कामाचे. आज मला टीका करायची आहे ती उपग्रहांवर नाही आणि सूचना पाठवणाऱ्या यंत्रणेवरही फारशी नाही. बातमीदार, अधिकारी आणि आम्ही संशोधक ज्या पद्धतीने हे आकडे वाचतो, त्या वाचनावर आहे. आधी थोडं विज्ञान समजून घेऊ, म्हणजे टीका नेमकी कुठे लागते ते कळेल.

एकच हंगाम, दोन आकडे

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांच्या सूचना राज्यांना देते. नाव नोंदवलेल्या वनकर्मचाऱ्याच्या मोबाईलवर थेट एसएमएस येतो, त्यात आगीच्या जागेचे अक्षांश-रेखांश असतात. सुरुवातीला हे काम टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरच्या ‘मोडिस’ सेन्सरवर चालायचं. नंतर सुओमी एनपीपी उपग्रहावरचा ‘व्हीआयआयआरएस’ सेन्सर आला. आमच्यात त्याला नुसतं ‘व्हिअर्स’ म्हणतात, इथेही तेच म्हणू.

आता हा आकडा बघा. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या हंगामात मोडिसने देशभरात ५२,७८५ आगी नोंदवल्या. त्याच हंगामात व्हिअर्सने ३,४५,९८९ नोंदवल्या. दोन्ही आकडे याच संस्थेच्या २०२१ च्या वनस्थिती अहवालातले आहेत. जंगल तेच, वर्ष तेच, आगी त्याच, आणि फरक साडेसहा पट!

दोन्हीपैकी एकही आकडा चुकीचा नाही. दोन्ही ‘किती आगी लागल्या’ हे सांगतच नाहीत. ते सांगतात की या कॅमेऱ्याला किती चौकोन गरम दिसले.

चौकोन गरम दिसतो म्हणजे काय

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार ऊर्जा बाहेर टाकते. साधारण ३७ अंश सेल्सिअसला असलेली जमीन सगळ्यात जास्त ऊर्जा दहा मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीला टाकते. सव्वापाचशे अंशांची ज्वाळा मात्र चार मायक्रॉनच्या अलीकडे झळकते. म्हणून आग शोधणारे सेन्सर एकाच जागेकडे दोन डोळ्यांनी बघतात, एक चार मायक्रॉनचा आणि एक अकरा मायक्रॉनचा.

प्लँकच्या सूत्रात आकडे टाकून बघा. ३७ अंशांच्या जमिनीच्या तुलनेत सव्वापाचशे अंशांची आग अकरा मायक्रॉनला साधारण १६ पट ऊर्जा टाकते, पण चार मायक्रॉनला जवळजवळ १,२०० पट. सगळी गंमत या १,२०० मध्ये आहे.

समजा पालच्या जंगलात दहा मीटर बाय दहा मीटर जागेत पाचोळा पेटलाय. व्हिअर्सचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. आपली आग त्याचा चौदाशेवा हिस्सा. तरीही चार मायक्रॉनच्या डोळ्याला त्या चौकोनातून जवळपास पावणेदोन ते दोन पट ऊर्जा येते आणि चौकोन सुमारे १८ अंश जास्त गरम वाटतो. शेजारचे चौकोन तसेच आहेत आणि हा एकटाच तापलाय, म्हणजे इथे आग आहे, असं संगणक ठरवतो. हीच आग मोडिसच्या एक किलोमीटरच्या चौकोनात ठेवली तर वाढ भरते जेमतेम ३ अंश. दुपारच्या तापलेल्या डोंगरात एवढा फरक कातळ आणि गवत यांच्यातही असतो. त्यामुळे मोडिस गप्प बसतो. साडेसहा पट फरकाचं मोठं कारण इथे आहे.

मग कुणी म्हणेल, इन्सॅट-३डी तर दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतो, तो का नाही वापरत? त्याचा उष्णतेचा चौकोन चार किलोमीटरचा आहे. आपली पेटलेली शंभर चौरस मीटर जागा त्यात एका अंशाच्या पाव भागाइतकाही फरक पाडत नाही.

आता खान्देशचा खास मुद्दा. वरचा हिशोब ३७ अंशांच्या जमिनीचा होता. मे महिन्यात जळगावला हवेचं तापमानच ४५ च्या घरात जातं, उघडी काळी जमीन आणि कातळ त्याहून कितीतरी तापतात. जमीन ५७ अंशांवर धरून तोच हिशोब केला तर तीच आग चौकोनाला १८ ऐवजी ११ अंशच वर नेते. वर दुपारचं ऊनही चार मायक्रॉनला परावर्तित होतं आणि गोंधळ वाढवतं. थोडक्यात, जंगल सगळ्यात कोरडं असतं त्या दिवसांत, भर दुपारी, छोटी आग सापडण्याची शक्यता कमी झालेली असते. मे महिन्यात ठिपके कमी दिसले तर ‘आगी आटोक्यात’ असा निष्कर्ष काढण्याआधी हे आठवावं.

उपग्रहाची वेळ आणि आगीची वेळ

व्हिअर्स सेन्सर सध्या सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या तीन उपग्रहांवर आहे. तिघेही आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात, काही मिनिटं इकडेतिकडे. तीन आहेत म्हणून दिवसभर पहारा आहे असं नाही. पहारेकरी तीन, पण सगळे एकाच वेळी फेरी मारतात.

संध्याकाळी पाचला पेटलेली आणि वनरक्षक, मजूर व गावकऱ्यांनी झोडपून दहापर्यंत विझवलेली आग या नोंदीत येतच नाही. याचा अर्थ असा की जिथे लोक तत्परतेने आग विझवतात तिथली कामगिरी अदृश्य राहते. उलट दोन किलोमीटर लांबीची आगीची रेघ तीन दिवस चालली, तर प्रत्येक फेरीत पाच-सहा चौकोन तापतात आणि एकाच वणव्याचे पंचवीस-तीस ठिपके होतात. एका चौकोनात चार वेगवेगळ्या छोट्या आगी असल्या तर त्यांचा ठिपका एकच.

शिवाय ठिपका पडला म्हणजे वणवाच, असंही नाही. आगीचा हंगाम सुरू होण्याआधी वनविभाग स्वतः जाळरेषा जाळतो, म्हणजे पट्टा आधीच जाळून साफ करतो, जेणेकरून पुढे आग पसरू नये. त्यानेही चौकोन तापतो. शेतातल्या पऱ्हाट्या आणि गव्हाचं काड जाळल्यानेही तापतो. वीटभट्ट्या, दीपनगरसारखी औष्णिक वीज केंद्रं, उन्हात चकाकणारे मोठे पत्रे आणि सौर पॅनेल यांच्यामुळेही खोट्या नोंदी होऊ शकतात. जंगलाच्या नकाशाची चाळणी लावून यातल्या बऱ्याच नोंदी बाजूला काढता येतात. पण शेत जंगलाला लागूनच असेल, तर चाळणीचं भोक आणि खडा सारख्याच आकाराचे होतात.

आता देशाचे पुढचे आकडे वाचा: २०२१-२२ च्या हंगामात २,२३,३३३ नोंदी, २०२२-२३ मध्ये २,१२,२४९ आणि २०२३-२४ मध्ये २,०३,५४४. सरळ उतरता आलेख. आगी खरोखर कमी झाल्या असतील, शक्य आहे. पण किती हेक्टर जंगल जळालं, हे या आकड्यांत कुठेच नाही. तापाच्या रुग्णांऐवजी थर्मामीटर किती वेळा लावला ते मोजावं, तसं काहीसं हे आहे.

चौदा हेक्टरचा चौकोन आणि चार हेक्टरचा पट्टा

इथपर्यंतचं सगळं तांत्रिक वाटलं असेल. पण हा वाद फक्त आकड्यांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

सातपुड्याच्या कुशीत पावरा, भिल्ल, तडवी यांची गावं आणि पाडे आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार कसत असलेल्या वनजमिनीवर एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरचा हक्क मिळू शकतो. दुसऱ्या बाजूला भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ आहे, त्यानुसार राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे.

आता व्हिअर्सचा चौकोन या जमिनीवर ठेवा. चौदा हेक्टर, म्हणजे तीनाहून जास्त पूर्ण वनपट्टे त्यात मावतात आणि वर जंगलाचा तुकडा उरतो. एसएमएसमध्ये येणारे अक्षांश-रेखांश त्या चौकोनाच्या मध्याचे असतात, आगीच्या जागेचे नव्हे. आणि हा चौकोन ३७५ मीटरचा असतो तो उपग्रह बरोबर डोक्यावर असताना. उपग्रह तिरका बघत असेल तर पट्ट्याच्या कडेला तो सुमारे ८०० मीटरपर्यंत पसरतो. म्हणजे ठिपका राखीव वनात पडलाय आणि आग शेताच्या बांधावर आहे, किंवा ठिपका एखाद्याच्या पट्ट्यावर आहे आणि आग नाल्यापलीकडे जंगलात आहे, हे दोन्ही सहज घडू शकतं.

मोहाच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, कारण पडलेली फुलं वेचायला जागा साफ लागते. ती आग कधी हाताबाहेर जाते, हे खरंच आहे. हा प्रश्न गोड बोलून झाकण्यासारखा नाही. पण आग नेमकी कुणामुळे लागली हे पायी जाऊन, राख बघून, माणसांशी बोलून ठरवायचं काम आहे. नकाशा झूम करून ठिपका ज्याच्या शेतावर दिसतो त्याला दोषी धरणं हे विज्ञानाच्या नावावर खपवलेलं अज्ञान आहे. झूम कितीही करा, चौकोन लहान होत नाही. फक्त ठिपक्याचं चित्र मोठं होतं.

ही सूचना ‘तिकडे जाऊन बघा’ एवढं सांगायला बनवली आहे आणि ते काम ती उत्तम करते. तिला साक्षीदार बनवणं हा आपला उद्योग.

रडार आलं की सगळं सुटेल?

आता आमच्या क्षेत्राची पाळी. ‘थर्मल आणि रडार एकत्र वापरून वणव्यांचं निरीक्षण’ अशा धर्तीचे शोधनिबंध बरेच येतात. रडार धुरातून आणि ढगातून बघतं, रात्रीही बघतं, त्यामुळे ते सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर असल्यासारखं मांडलं जातं.

पहिली गोष्ट, रडारला उष्णता दिसत नाही. आग चालू आहे की नाही ते रडार सांगू शकत नाही. ते स्वतः सूक्ष्मलहरी पाठवतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. त्यातून दोन गोष्टी कळतात: वस्तूची रचना आणि तिच्यातलं पाणी. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण पानं आणि डहाळ्यांच्या मापाची. सूचीपर्णी जंगलात आग शेंड्यापर्यंत चढते, पानं-फांद्या नष्ट होतात आणि प्रतिध्वनी स्पष्ट बदलतो. रडारवर जळालेलं क्षेत्र ओळखण्याचं पुष्कळ काम अशा जंगलांवर झालेलं आहे.

आपलं जंगल तसं नाही. सातपुड्यातली आग बहुतेक जमिनीलगत सरकते. पाचोळा आणि गवत खाते, खोडं काळी करते आणि पुढे जाते. पानं तर आगीच्या आधीच गळालेली असतात. वाळलेला पाचोळा या लहरींना जवळजवळ पारदर्शकच. मग आगीच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिध्वनीत फरक पडणार तो किती? थोडा. आणि एप्रिलमध्ये एक अवकाळी सर आली की ओल्या मातीमुळे त्याहून मोठा फरक पडतो. म्हणजे रडारने ‘बदल’ बरोबर पकडला, पण तो बदल पावसाचा निघाला.

दुसरी अडचण डोंगराची. सेंटिनेल-१ साधारण उत्तर-दक्षिण फिरतो आणि कडेला, म्हणजे पूर्वेला किंवा पश्चिमेला बघतो. सुकी, मोर, अनेर या नद्या सातपुड्यातून दक्षिणेला तापीकडे उतरतात, त्यामुळे त्यांच्या दऱ्यांच्या भिंती पूर्व-पश्चिमेला तोंड करून उभ्या आहेत. रडारच्या समोर येणारी भिंत चित्रात आखडते, तीव्र उतार असेल तर शिखर पायथ्यावर कोसळल्यासारखं दिसतं, आणि पाठची भिंत सावलीत जाऊ शकते. सपाट जमिनीवर तयार केलेली पद्धत इथे जशीच्या तशी लावली तर जे ‘जळालेलं’ दिसतं त्यातलं काही नुसतं भूगोल असतं.

मग साधं, डोळ्यांना दिसतं तसं चित्र? सेंटिनेल-२ चा चौकोन १० ते २० मीटरचा आहे आणि जळालेली जमीन त्यात चांगली ओळखू येते. बांदीपूरच्या फेब्रुवारी २०१९ च्या मोठ्या वणव्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने अशाच चित्रांवरून सुमारे १०,९२० एकर क्षेत्र जळाल्याचं काढलं होतं. पण इथेही सापळा आहे. डिसेंबरचं हिरवं चित्र आणि एप्रिलचं चित्र यांची वजाबाकी केली तर पानगळ झालेला अख्खा सातपुडा जळालेला दिसेल. काळा बेसॉल्ट आणि काळी राख यांचे रंगही एकमेकांच्या जवळचे. म्हणून आगीच्या लगेच आधीचं आणि लगेच नंतरचं, आठ-दहा दिवसांच्या अंतरातलं चित्र घ्यावं लागतं.

‘अचूकता ९७ टक्के’

शोधनिबंधांत शेवटी अचूकतेचा मोठा आकडा असतो. तो कसा वाचायचा, याचं एक उदाहरण. समजा १०० चौरस किलोमीटर जंगल आहे आणि त्यातलं ३ जळालं. मी एक पद्धत काढली, जी डोळे मिटून म्हणते, ‘काहीच जळालं नाही’. माझी अचूकता किती? ९७ टक्के! म्हणून एकूण अचूकता सोडून द्या आणि दोन प्रश्न विचारा. जळालेल्यातलं किती सुटलं? आणि न जळालेल्यातलं किती ‘जळालं’ म्हणून दाखवलं?

तिसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: खरं-खोटं कशावरून ठरवलं? रडारची पद्धत व्हिअर्सच्या ठिपक्यांवर शिकवायची आणि व्हिअर्सच्याच ठिपक्यांवर तपासायची, हे धडा शिकवणाऱ्यानेच उत्तरपत्रिका लिहून देण्यासारखं आहे. व्हिअर्सला जी संध्याकाळची छोटी आग दिसली नाही ती रडारच्या पद्धतीलाही ‘आग नाही’ म्हणून शिकवली गेली. दोन उपग्रह जोडले, पण आंधळेपणा एकाचाच राहिला. जमिनीवरची नोंद, म्हणजे कुणीतरी जळालेल्या कडेने जीपीएस घेऊन चाललेलं आहे, अशी माहिती नसेल तर ‘एकत्रीकरण’ हा फक्त शीर्षकातला शब्द उरतो.

मग उपयोग काय?

उपयोग भरपूर आहे, काम योग्य माणसाला दिलं तर. ‘आत्ता कुठे पेटलंय’ हे थर्मलला विचारावं. ‘किती जळालं’ हे हंगामात सेंटिनेल-२ ला आणि पायी फिरणाऱ्या वनरक्षकाला विचारावं. रडारला मात्र एक वेगळा, संथ प्रश्न विचारावा: दरवर्षी जळणाऱ्या उतारावर दहा वर्षांनी काय उरतं?

कारण जमिनीलगतच्या आगीचं खरं नुकसान त्या वर्षी वरून दिसत नाही. मोठी झाडं उभी राहतात, अंजन-सालईची कोवळी रोपं मरतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वरून जंगल आहे तसंच दिसतं, फक्त त्यात मुलं नसतात, सगळी म्हातारी माणसं. ३० जुलै २०२५ ला सोडलेल्या निसार उपग्रहावर दोन रडार आहेत, नासाचं २४ सेंटिमीटर लहरींचं आणि इस्रोचं एस-बँडचं. लांब लहरी फांद्या आणि खोडांपर्यंत पोचतात. खूप दाट जंगलात हा प्रतिध्वनी एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो, पण आपल्या विरळ, कोरड्या पानझडी जंगलात ती अडचण कमी येईल. म्हणजे जी गोष्ट खान्देशच्या जंगलाची उणीव समजली जाते, ती या मोजणीसाठी सोयीची आहे. मात्र हे काम एका हंगामात होणारं नाही, आणि त्यातून बातमीचं शीर्षकही निघणार नाही.

तोवर वाचक म्हणून तुमच्या हातात बरंच काही आहे. पुढच्या उन्हाळ्यात ‘जिल्ह्यात इतके वणवे’ अशी बातमी आली की विचारा: हे ठिपके आहेत की आगी? कुठल्या सेन्सरचे? गेल्या वर्षीही तोच सेन्सर होता का? एका वणव्याचे ठिपके एकत्र केलेत का? जळालेलं क्षेत्र किती, आणि ते कोण चालून आलं? आणि एखाद्या पाड्यावरच्या माणसाकडे बोट दाखवायला कुणी तो नकाशा पुढे केला, तर एवढंच विचारा की हा चौकोन किती हेक्टरचा आहे. उत्तर चौदा येईल. मग त्याच्या सातबाऱ्यावर किंवा वनपट्ट्यावर किती हेक्टर आहेत, तेही विचारा.